काचमामाची पांढरी बाग

राग आलाय म्हणून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मग कुणी म्हणायला नको, की पोरीने जरा शांतपणे लिहिलं असतं तर बरं झालं असतं. शांतपणे लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्या हॉटेलच्या माहितीपत्रकातलं एकूण एक वाक्य शांत होतं.

तर माझा मामा. सगळं गाव त्याला काचमामा म्हणतं. त्याच्या बोटीच्या तळाशी मधोमध जाड काच बसवलेली आहे, चांगली पलंगाएवढी, आणि भोवती चारी बाजूंनी बाकं. पर्यटकांनी बाकांवर बसायचं, वाकून काचेतून खाली बघायचं, 'बापरे' आणि 'किती सुंदर' म्हणायचं. मामाने मागे इंजिनाजवळ उभं राहून बोट प्रवाळाच्या बागेवरून हळूहळू फिरवायची. आयुष्यभर त्याने हेच केलं. रोज सकाळी चहाच्या आधी तो धक्क्यावर जायचा, बोटीत पालथा पडून काच आतून वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसायचा, मग पाण्यात उतरून खालच्या बाजूचं शेवाळ काढायचा. त्यासाठी त्याने जुन्या चपलेचा एक रबरी तुकडा ठेवला होता, कारण पत्र्याने ओरखडे उठतात. घरच्या खिडकीची काच मात्र कधीची फुटलेली होती आणि तिथे मामीने पुठ्ठा ठोकला होता. "आपल्या घराखाली मासे असते ना, तर एव्हाना काच बसली असती," असं ती शेजारणीला मामाच्या देखत सांगायची.

मी लहानपणापासून मामाकडेच वाढले. आई गेल्यावर त्याने मला आणलं, शिकवलं, आणि इंग्रजी बरं बोलते म्हटल्यावर धक्क्यामागच्या हॉटेलात रिसेप्शनवर चिकटवून दिलं. मामी त्याच हॉटेलात चादरींना इस्त्री करते. म्हणजे आमच्या घरातलं कुणीही सकाळी उठून निघालं, की पर्यटकांकडेच निघायचं. आणि माझ्या रागाचं म्हणाल, तर तोही मामाकडचाच. कुणी बिस्किटं पाण्यात टाकायला लागलं की तो सरळ हातातून पुडा काढून घ्यायचा आणि किनाऱ्याला लागल्यावर परत करायचा. एका जाड्या साहेबाने काचेवर बूट ठेवला, तर मामाने बोट होती तिथेच थांबवली आणि बूट निघेपर्यंत इंजिन सुरू केलं नाही.

त्या वर्षी समुद्र तापला. हवा तर दरवर्षी तापत होतीच. हॉटेलचे एसी धापा टाकून बंद पडायचे आणि पाहुणे माझ्यावर ओरडायचे, जणू ऊन मीच लावलंय. पण पाणी तापणं वेगळं. मामा सकाळी काच घासून आला की अंग पुसत म्हणायचा, "आंघोळीचं पाणी झालंय नुसतं. पोहल्यासारखं वाटतच नाही." मग एक दिवस तो आला. जेवायला बसला, भात कालवला आणि तसाच ठेवून उठला. मामीने विचारलं तेव्हा म्हणाला, "रंग उतरलाय. सगळ्या बागेचा. धुतल्यासारखी पांढरी पडलीय."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या बोटवाल्यांचा एक दंडक आहे. बोटीवर असताना मरणाचं, बुडण्याचं, फुटण्याचं नाव काढायचं नाही. बापाने मुलाला पहिल्यांदा सुकाणू धरायला दिलं की हे आधी शिकवायचं, पोहणं नंतर. इंजिन बंद पडलं तर 'रुसलंय' म्हणायचं. मेलेला मासा तरंगताना दिसला तर 'झोपलाय'. एकदा मामाचा जोडीदार वारला, ती बातमी सांगायला आलेला माणूस धक्क्यावरून ओरडून म्हणाला, "तो गावाला गेलाय रे!" आणि मामा बोटीवरच मटकन खाली बसला. लहान असताना मला याचं हसू यायचं. आता येत नाही.

तर बाग पांढरी पडल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक नवीन लग्न झालेलं जोडपं बोटीत होतं. नवरी वाकून बघत होती. खाली जिकडे तिकडे पांढरंशुभ्र, त्यावर ऊन पडलेलं. ती मामाला खुणेने विचारायला लागली, हे काय आहे? दुसऱ्या एका प्रवाशाने प्रश्न आमच्या भाषेत करून दिला. खरं उत्तर मामाच्या तोंडाशी आलं होतं, पण पाय बोटीवर होते. तो म्हणाला, "फुललीय. पांढरी बाग फुललीय."

झालं. नवरीने फोटो काढले, खाली तेच शब्द लिहिले आणि ते जगभर गेले. आठवड्याभरात परदेशातल्या टूर कंपनीचा साहेब विमानाने हजर. आमचा मॅनेजर त्याच्या मागेपुढे. या मॅनेजरला आम्ही स्टाफमधले साखऱ्या म्हणतो, कारण गळा कापायचा झाला तरी तो आधी सुरीला साखर लावेल. लवकरच विमानतळावर, बसवर, हॉटेलच्या छतावर एकच पाटी झळकली: पांढरी बाग, आयुष्यात एकदाच. फोन उचलून उचलून माझा कान दुखायला लागला. मामाच्या नावाने फोन यायचे. 'पांढरी बाग शोधणारा काचमामा' असं त्याच्या फोटोखाली छापलं होतं. मामी म्हणाली, "शोधणारा काय? हा रोज चष्मा शोधतो."

त्या सगळ्या गडबडीत समुद्राच्या डॉक्टरीणबाई आल्या. लोक त्यांना तसंच म्हणायचे, कारण त्या समुद्री जीवांचा अभ्यास करायच्या आणि दरवर्षी येऊन पाण्याखाली जाऊन बागेची तपासणी करायच्या. त्या आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मामाला म्हणाल्या, "दादा, ते मेलेलं नाही. उपाशी आहे. पाणी तापल्यावर प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो. त्याच शेवाळावर तो जगतो आणि रंगही त्याचाच. पाणी निवलं आणि तोवर कुणी छळलं नाही, तर परत रंग धरेल. हा एक मोसम बाग बंद ठेवा. बोटी नकोत, नांगर नको, अंगाला तेलं चोपडून उतरणारी माणसं नकोत."

"आणि बंद नाही ठेवली तर?"

"तर जाईल," बाई म्हणाल्या.

मामाने तिथल्या तिथे सांगितलं, की बंद करू. तो बोटवाल्यांत सगळ्यात जुना, आणि त्याने मान हलवली की बाकीचे हलवायचे, अशी पद्धत. त्या दुपारी तो घराघरांतून फिरून आला. कुणी कुरकुरलं, कुणी शिव्या दिल्या, पण शेवटी म्हणाले, की साहेबांसमोर मामा काय बोलेल ते आम्हाला मान्य. मामी म्हणाली, "एक मोसम काय, इस्त्रीवर काढू." मला तेव्हा दोघांचा एवढा अभिमान वाटला होता, की रिसेप्शनवर मी उगाचच सगळ्यांना हसून बोलले.

साहेब आणि बोटवाल्यांची, त्या मोसमाच्या कराराची बैठक हॉटेलच्या हॉलमध्ये ठरली होती. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. आणि साखऱ्या हात चोळत आला आणि म्हणाला, "हॉलमध्ये कशाला कोंडून घ्यायचं? साहेबांना प्रत्यक्ष बघायचंय. चला, काचमामांच्या बोटीतच बसू. बोलणं तिथेच होईल." सगळे हसत हसत धक्क्याकडे निघाले. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. डॉक्टरीणबाईंना तर दंडक माहीतच नव्हता. पण साखऱ्याला माहीत होता. त्याचा बाप बोटवाला होता. सुकाणूला हात लावायच्या आधी त्यालाही तेच शिकवलेलं होतं.

बोट बागेवर आली. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. साहेबाने मान डोलावली. मग साखऱ्याने सगळ्या बोटवाल्यांकडे बघितलं आणि अगदी आदराने विचारलं, "मामा, तुमच्याइतकं या बागेला कुणी ओळखत नाही. तुम्हीच सांगा. ही बाग मरतेय का?"

मी मामाच्या शेजारी उभी होते. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, किनाऱ्याकडे पाहिलं. किनारा लांब होता. "धक्क्यावर गेल्यावर सांगतो," तो म्हणाला. साखऱ्या म्हणाला, "एका शब्दाचं तर उत्तर. हो की नाही?" त्या पाण्यावर 'हो' म्हणणं म्हणजे तोच शब्द काढणं. बाकीचे बोटवाले त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण तेही त्याच पाण्यावर होते आणि त्यांच्या घरीही पोरंबाळं होती. मामा म्हणाला, "नाही."

धक्क्याला लागेपर्यंत करारावर सह्या झाल्या होत्या. खाली उतरल्यावर मामा ओरडून ओरडून सांगत होता, की ते खरं नव्हतं, मी आता सांगतो, आता ऐका. साखऱ्या म्हणाला, "मामा, माणसाने एका शब्दावर राहावं." मी त्याच्या अंगावर धावून गेले, तर मामीने मला मागे ओढलं. तुम्ही म्हणाल, शहाण्यासुरत्या माणसाने असल्या खुळ्या समजुतीपायी बाग घालवली. मीही तेच म्हणाले होते, मामाच्या तोंडावर. पण ज्याने ती समजूत ओळखून फासासारखी वापरली, त्याला तुम्ही काय म्हणाल? तो तर कॉलेजात शिकलेला होता.

तो मोसम आमच्या गावाने कधी पाहिला नव्हता असा गेला. बोटींना बोटी घासत होत्या. लोक बागेत उतरून प्रवाळावर उभे राहायचे, फोटोसाठी. पाण्यावर तेलाचा तवंग यायचा आणि मामाला काच दिवसातून तीनतीनदा पुसावी लागायची. तो बोट चालवायचा, कारण त्याने नाही चालवली तर दुसरा चालवणार होता. पण त्याने खाली बघणं सोडलं. पाऊस संपायच्या आत पांढऱ्यावर करडं चढलं, मग तपकिरी, मग बुळबुळीत काहीतरी. पंख्यासारखे पसरलेले मोठे प्रवाळ मोडून पडले. मासे गेले. आणि मासे गेले त्याच्या मागोमाग पर्यटक.

पुढच्या वर्षी बुकिंगच आलं नाही. मी साहेबाच्या ऑफिसला फोन केला, तर तिथली मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "तुमचा भाग आता जोखमीचा म्हणून धरलाय. उष्णता, वादळं, विमा मिळत नाही. आम्ही यंदा दुसऱ्या देशात जातोय, तिथलं पाणी अजून थंड आहे." गरज सरो, वैद्य मरो. यांच्या विमानांच्या धुराने जग तापायला हातभार लागणार, ते तापलं की हे थंड जागा शोधायला परत विमानातच बसणार, आणि जोखमीचे कोण, तर आम्ही! मी त्या मुलीला हे सगळं बोलले. ती म्हणाली, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." मामी घरी बसली, कारण इस्त्री करायला चादरीच नव्हत्या. गावातल्या निम्म्या बोटी उलट्या करून किनाऱ्यावर ठेवलेल्या. हॉटेल मात्र चालू राहिलं, कुत्र्याच्या शेपटीसारखं, आशेवर हलत.

आणि मग, मला वाटलं होतं की आता अजून काय व्हायचं राहिलंय, तर साखऱ्या साहेबाचा निरोप घेऊन घरी आला. त्या दुसऱ्या देशातली बागही पांढरी पडायला लागली होती. तिथले बोटवाले बाग बंद करायची म्हणून अडून बसले होते. साहेबाला पाहिजे होतं, की पांढरी बाग शोधणाऱ्या काचमामाने त्यांच्याशी कॉम्प्युटरवरून बोलावं, आपला तो सोन्यासारखा मोसम कसा गेला ते सांगावं. बदल्यात पुढच्या वर्षी आमच्या गावाचा 'पुन्हा विचार' होईल.

मला वाटलं मामा साखऱ्याला धक्क्यावरून ढकलून देईल. मामा म्हणाला, "येतो."

"काय येतो?" मी म्हणाले. "अजून किती जणांच्या बागा घालवायच्यात तुला?"

"तू मशीन लाव म्हणजे झालं," तो म्हणाला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. मामीने सांगितलेलं 'जेवायला बोलाव त्याला' हेसुद्धा मी भिंतीला सांगायचे.

ठरलेल्या सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये मी कॉम्प्युटर लावला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. पडद्यावर एक पत्र्याची शेड दिसत होती, मागे दोऱ्या, जाळ्या, आणि दाटीवाटीने बसलेली माणसं. उन्हाने रापलेली, हात मांडीवर घट्ट. त्यांच्यात पुढे एक माझ्या वयाची मुलगी होती. इंग्रजी कळणारी तिथे ती एकटीच, ती पुढचं त्यांच्या भाषेत सांगणार होती. आमच्याकडून मामाचं बोलणं इंग्रजीत करायचं काम साखऱ्याने स्वतःकडे घेतलं. साहेब कोपऱ्यातल्या चौकटीत हसत होता.

मामा उभा राहिला. आधी त्याने टाच आपटून फरशी बघितली. मग म्हणाला, "हे बघा, मी खोटं बोललो होतो. ती फुललेली नव्हती, मरत होती. बंद ठेवली असती तर जगली असती. माझ्या एका शब्दाने ती मेली. तुम्ही कुणाला आत सोडू नका. साहेबाला नको, याला तर अजिबात नको. दोऱ्या बांधा आणि बसा."

साखऱ्याने घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाला, "काका फार भावुक झालेत. ते म्हणतात, तो मोसम ते जन्मात विसरणार नाहीत. तुम्हीही संधी सोडू नका."

ती मुलगी ते सांगायला मागे वळली. मामा माझ्याकडे बघत होता, की बरोबर पोचलं ना? त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हलकं झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघून माझं डोकं फिरलं. साखऱ्याला मी खांद्याने बाजूला सारलं आणि इंग्रजीत ओरडले, "तो असं म्हणाला नाही! तो म्हणाला, मरतेय! तो म्हणाला, मी खोटं बोललो, बाग बंद करा, कुणाला सोडू नका!" मुलगी गर्रकन वळली. तिने मामाकडे पाहिलं. मामाने होकाराची मान हलवली, दोनदा. ती उठून उभी राहिली, लोकांकडे वळून तिने तोंड उघडलं, आणि साखऱ्याने वायर उपटली.

नोकरीवरून काढलं, हे त्याने मला तिथेच सांगितलं, आणि साखर न लावता सांगितलेलं हे त्याचं पहिलंच वाक्य. मी म्हणाले, उत्तम.

घरी आल्यावर मामा चपला न काढताच स्वयंपाकघरात उभा राहिला. "त्यांना कळलं का?"

"ती सांगायला उठली होती. पुढचं दिसलं नाही. वायर काढली ना त्याने."

"म्हणजे कळलं की नाही ते माहीत नाही."

"नाही."

"मग घरी कशाला आलीस?" मामा असा ओरडला, की मामीच्या हातातलं झाकण पडलं. "फोन लाव!"

"कुणाला लावू? मला गावाचं नाव तेवढं माहितीय."

"गावात धक्का असेल. धक्क्यावर चहावाला असेल, पोलीस असेल, कुणीतरी कुत्र्याला हाकलत असेल! शोध!"

मामीने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर पाट सरकवला. मी शोधायला लागले. एक नंबर बंद होता. एका हॉटेलवाल्याने इंग्रजीत खोल्यांचे दर सांगितले. एक नंबर मासळीच्या दुकानाचा निघाला, तिथे एका म्हाताऱ्या बाईने फोन उचलला. मागे समुद्राचा आवाज येत होता. मी इंग्रजीत विचारलं, तिला कळलं नाही. हळू विचारलं, तरी कळलं नाही. मामाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला, दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि आपल्याच भाषेत बोलायला लागला, "बाई, माझं ऐका, बाग मरतेय, मरतेय ती, धक्क्यावर जा, लोकांना सांगा, बोटी अडवा," पुन्हा पुन्हा तेच, घसा बसेपर्यंत. तिला एक अक्षर कळत नव्हतं. तिने फोन ठेवला नाही. मधूनच ती तिकडे कुणाला तरी हाका मारत होती.